हरणीला नऊ पिल्लं झाली आहेत. कोणतं घेऊ आणि कधी घेऊ?

माळरान | १५ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मंगळवेढ्याजवळ माझ्या मामाचं ज्वारीचं रान आहे. तिथे त्याची कारवानी कुत्री आहे, हरणी. चार वर्षांची. १२ तारखेला पहाटे ती व्याली. दहा झाली, त्यातलं एक मेलेलंच जन्मलं. नऊ आहेत. सांगोल्याच्या एका कारवानी नराला लाग दिला होता, म्हणजे त्याच्याशी मीलन करवलं होतं. हे तिचं दुसरं वेत, पहिल्या वेतात पाचच होती. त्यामुळे मामाही चक्रावलाय.

त्यातलं एक पिल्लू मला घ्यायचं आहे. मामा म्हणतो, महिन्याचं झालं की ने, लहान असताना नेलं की लळा लागतो. पण मला भीती वाटते, आणि त्याचं कारण सांगते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात एका विक्रेत्याकडून पिल्लू घेतलं होतं. '४५ दिवसांचं आहे, पहिली लस झाली आहे' असं त्याने सांगितलं होतं. आई दाखवा म्हटलं तर 'फार्मवर आहे' म्हणाला. घरी आणल्यावर सहाव्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो, कुत्र्यांचा विषाणूचा आजार. तीन दिवस सलाईनवर ठेवलं, चौथ्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, हे पंचेचाळीस दिवसांचं नाही, जेमतेम महिन्याचं असेल. माझ्या मुलीने त्याचा पट्टा अजून कपाटात ठेवलाय.

म्हणून या वेळी सगळं आधी विचारून घेते आहे.

एक, नऊ पिल्लं हरणीला झेपतील का? शेजारचे आजोबा म्हणतात, चार-पाच ठेवा, बारकी काढून टाका, नाहीतर कुत्री खंगेल. मला ते ऐकवतच नाही.
दोन, चांगलं पिल्लू ओळखायचं कसं?
तीन, किती दिवसांनी आणायचं?

---

अंकुश_जतकर | १५ नोव्हेंबर, रात्री १०.०२

ताई, अभिनंदन. कारवानीला नऊ म्हणजे फार नाहीत. आमच्याकडे चारही झालीत आणि एकदा दहाही झालीत. आजोबांचं ऐकू नका, बारकं पिल्लू काढून टाकायचं नसतं.

निवडीचं म्हणाल तर आमच्या वडिलांनी शिकवलं ते सांगतो. वीसनखी बघायचं, म्हणजे मागच्या पायांनाही वरती जास्तीचं नख हवं. तोंडातला टाळू काळा हवा. आणि कातडीला धरून उचललं तर जे कुईकुई करणार नाही ते धाडसी. कंबर बारीक, छाती खोल, शेपूट लांब. नर घ्या, राखणीला बरा.

---

खिल्लार_डॉक्टर | १५ नोव्हेंबर, रात्री ११.३५

मी पशुवैद्य आहे, सांगली जिल्ह्यात काम करतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे प्रश्न दर वर्षी कार्तिकात येतातच. भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात आणि दोन महिन्यांनी, म्हणजे साधारण ६३ दिवसांनी, थंडीच्या तोंडावर व्यातात. थंडीचं एवढ्यासाठी म्हणालो की तान्ह्या पिल्लांचा पहिला शत्रू गारठा असतो. भूक त्याच्या मागून येते.

आधी संख्येबद्दल. पिल्लं किती होणार हे मुख्यतः कुत्रीच्या आकारावर ठरतं. पॉमेरेनियन, चिवावासारख्या लहान जातींना एक ते चार. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्यांना सहा ते दहा हे नेहमीचं. नॉर्वेमध्ये २२४ जातींच्या १०,८१० वेतांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०११ साली तो अभ्यास छापून आला. सरासरी निघाली ५.४. मोठ्यात मोठं वेत इंग्लंडमधल्या टिया नावाच्या नेपोलिटन मॅस्टिफ कुत्रीचं. २००४ साली तिला २४ झाली, पण सगळी जगली नाहीत.

त्याच जातीतही फरक पडतो. पहिलं वेत बहुधा लहान असतं, तीन-चार वर्षांच्या वयात संख्या वाढते आणि पाच-सहा वर्षांनंतर पुन्हा घटते. त्यामुळे हरणीला आधी पाच आणि आता दहा यात विशेष काही नाही. लाग कधी दिला यानेही फरक पडतो. मादीचं बीज सुटल्यावर ते पक्व व्हायला आणखी दोनेक दिवस लागतात, त्याच्या आगेमागे लाग मिळाला तर पिल्लं जास्त. फार आधी किंवा फार उशिरा दिला तर एक-दोनच होतात. आणि नात्यातल्या नात्यात, भाऊ-बहीण किंवा बाप-लेक, असे लाग पिढ्यान्‌पिढ्या दिले की वेत आक्रसत जातं. 'आमची कुत्री शुद्ध रक्ताची, पण हल्ली दोनच पिल्लं देते' असं कोणी सांगितलं तर मी आधी वंशावळ विचारतो.

किती बीजं सुटली हे मादीकडून ठरतं. नर चांगला निवडला म्हणून पिल्लं जास्त होतात हा गैरसमज आहे. नर कमकुवत असेल तर कमी मात्र होतात.

आता 'झेपतील का'. कुत्रीला साधारण आठ ते दहा सड असतात आणि मागच्या सडांना दूध जास्त असतं. नऊ झेपतात, पण हरणीला खायला घालावं लागेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वांत जास्त असतं. तेव्हा एवढ्या पिल्लांच्या आईला एरवीच्या तिप्पट, कधी त्याहूनही जास्त खाणं लागतं. नुसत्या ताक-भाकरीवर ते होणार नाही. अंडी, चिकन किंवा मटणाचे तुकडे, भात, दिवसातून चार वेळा आणि पाणी कायम समोर. कारवानी मुळात सडसडीत जात आहे, हलक्या फासळ्या दिसणं तिला शोभतं. पण पाठीचा कणा आणि कमरेची हाडं वर आली तर ते शोभणं नव्हे, उपासमार आहे.

तुम्ही आजच मामांना एक सांगा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, पिल्लांच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगाची लोकर सैलसर बांधा आणि रोज ठरलेल्या वेळी वजन वहीत लिहा. रोज पाच ते दहा टक्के वाढ हवी, दहा-बारा दिवसांत जन्मवजन दुप्पट व्हायला हवं. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं, नंतर घटता कामा नये. पिल्लू आजारी दिसायच्या आदल्या दिवशी वजन थांबलेलं असतं. डोळ्यांना कळत नाही ते काट्याला कळतं.

अंकुशराव, तुमच्या वडिलांच्या अनुभवाबद्दल आदर आहे. छाती आणि कमरेचं बरोबर आहे, तो जातीचा बांधा आहे. पण वीस नखं आणि काळा टाळू यांचा तब्येतीशी काही संबंध नाही. उलट मागचं जास्तीचं नख सैल असेल तर काट्याकुट्यात अडकून फाटतं. आणि उचलल्यावर न ओरडणारं पिल्लू धाडसीच असेल असं नाही. ते अशक्त किंवा भेदरलेलंही असू शकतं. तो प्रयोग कृपया करू नका.

---

मृण्मयी_ठाणे | १६ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

डॉक्टर, माझी लॅब गाभण आहे, ३२ वा दिवस. काल सोनोग्राफीत 'पाच तरी आहेत' म्हणाले. हे नक्की धरायचं का?

---

खिल्लार_डॉक्टर | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

नाही. सोनोग्राफीत गाभण आहे का आणि ठोके चालू आहेत का हे नीट कळतं, संख्या मात्र चुकते. ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढा. तोवर हाडं धरलेली असतात, कवट्या आणि मणके मोजता येतात. संख्या माहीत असली की व्यायच्या रात्री 'आत अजून आहे का' हा घोर राहत नाही. एकच पिल्लू आहे असं दिसलं तरी ते आधी कळलेलं बरं. एकट्या पिल्लाची वाढ जास्त होते, कळा नीट सुरू होत नाहीत, आणि सिझेरियनची तयारी ठेवावी लागते.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारातून ताप बघा. ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की बहुतेक वेळा एका दिवसात व्याते. जोराच्या कळा देऊनही अर्धा-पाऊण तास पिल्लू आलं नाही, किंवा पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट पाणी गेलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा. आणि वार, म्हणजे पिल्लामागून पडणारी नाळेची पिशवी, मोजा, पिल्लागणिक एक.

---

माळरान | १८ नोव्हेंबर, रात्री ८.४०

डॉक्टर, मनापासून आभार. मी शनिवारीच गावी आले. काटा आणला, मामीने लोकरीचे नऊ रंग शोधून दिले. पहिलं वजन १६ ला सकाळी केलं. बहुतेक ४८० ते ५६० ग्रॅम. पिवळ्या लोकरीची मादी फक्त ३०५. आज ती ३०० आहे. बाकी सगळी वाढली. पिवळी बाजूला पडलेली असते, हाताला गार लागते. मी चमच्याने गाईचं दूध पाजायचा प्रयत्न केला, ओठांतून बाहेर येतंय.

---

खिल्लार_डॉक्टर | १८ नोव्हेंबर, रात्री ८.५२

दूध आत्ता थांबवा. आधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ते श्वासनलिकेत जायचीही भीती असते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, स्वतःचं अंग गरम ठेवणं त्याच्या हातात नसतं. पोटाशी घ्या, अंगावर, शालीत. सोबत प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. उघडी गरम बाटली अंगाला लावू नका. अर्धा-पाऊण तासाने तोंडात करंगळी घालून बघा, आतून ऊब लागली आणि चोखायला लागली की हरणीच्या मागच्या सडाला लावा. आणि त्याच वेळी टाळू बघून घ्या. मध्ये फट असेल तर दूध नाकातून येतं, मग गोष्ट वेगळी.

बाकीच्या आठांचे दोन गट करा. चार आत, चार टोपलीत उबेला, दोन तासांनी अदलाबदल. पिवळी मात्र कायम आत.

वरून द्यायची वेळ आलीच तर पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती आणा. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात. गाईच्या दुधाने पोट भरल्यासारखं दिसतं, वाढ होत नाही. पाजताना पिल्लू पालथं, पोटावर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. पाजून झालं की ओल्या कापसाने पोट आणि बूड पुसा. पहिले दोन-तीन आठवडे आईने चाटल्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही.

---

माळरान | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

टाळू ठीक आहे. रात्री अकरा वाजता चोखायला लागली. मामी आणि मी आळीपाळीने जागलो. आत्ता ३१२.

---

लेस्टरची_वर्षा | १९ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

वाचून जीव भांड्यात पडला.

तुमच्या आधीच्या पिल्लाबद्दल लिहावंसं वाटलं. आई दाखवली नाही, हीच तिथली खूण होती. मी इंग्लंडमध्ये राहते. इथे एप्रिल २०२० पासून लूसीचा कायदा लागू आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानातून किंवा मधल्या दलालाकडून विकता येत नाही. पैदास करणाऱ्याकडूनच घ्यायचं, आणि जिथे जन्मलं तिथे, आईबरोबर बघून. लूसी ही अशाच एका पैदासखान्यातून सुटलेली कुत्री होती, वर्षानुवर्षं व्याल्याने तिचा कणा वाकला होता. आम्ही आमची स्पॅनियल घेताना तीनदा गेलो. पहिल्यांदा फक्त आई बघायला. आई पाहुण्यांना गुरगुरत होती का, अंग चोरत होती का, पिल्लांपाशी आम्हाला येऊ देत होती का. आईचा स्वभाव पिल्लाच्या पाच मिनिटांच्या परीक्षेपेक्षा जास्त सांगतो असं आम्हाला तिथे सांगितलं, आणि पुढे ते पटलं.

---

खिल्लार_डॉक्टर | १९ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आपल्याकडेही नियम आहे, लोकांना तो माहीत नाही इतकंच. २०१७ चे श्वान पैदास आणि विक्रीचे नियम. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय लाग द्यायचा नाही, पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. विक्रेत्याला नोंदणी विचारा. विचारल्यावर चेहरा बदलतो की कागद पुढे येतो, ते बघा.

आणि वयाची पडताळणी दातांवरून करता येते. सहा-सात आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे जवळजवळ सगळे, २८, दात आलेले असतात. समोरचे दात आणि सुळे आलेत पण दाढांची जागा मोकळी आहे, असं पिल्लू 'पंचेचाळीस दिवसांचं' म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

---

श्वानसखी_कोल्हापूर | २१ नोव्हेंबर, सकाळी ११.००

मी रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि दत्तक देण्याचं काम करते. इथे जे कोणी 'कुठलं पिल्लू घेऊ' विचारायला येतील त्यांच्यासाठी लिहिते.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सात महिन्यांपर्यंत पोचली ती फक्त १९ टक्के. मेलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसामुळे, म्हणजे गाडीखाली, मारून, उचलून नेऊन. मी रोज जे बघते त्याच्याशी हा आकडा जुळतो. भाद्रपदानंतर माझ्या एका गल्लीत तीन कुत्र्या व्यातात आणि संक्रांतीपर्यंत मोजकी पिल्लं उरतात.

कारवानी सुंदर जात आहे, पण तिला पळायला रान लागतं. ताईंकडे ते आहे की नाही हे त्यांनाच माहीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खालच्या गल्लीतलं गावठी पिल्लू आधी बघावं. ते आपल्या हवेतलं असतं, आणि त्याच्याही निवडीला वर डॉक्टरांनी सांगितलेल्याच कसोट्या लागतात. फक्त आईपासून तोडू नका. लोक 'वाचवलं' म्हणून वीस दिवसांचं पिल्लू पिशवीत घालून आणतात, मागे आई तीन दिवस हाका मारत फिरते.

---

माळरान | २१ नोव्हेंबर, दुपारी १.३०

ताई, प्रश्न योग्य आहे. आम्ही आता पुण्यात नाही, दोन वर्षांपूर्वी पंढरपूरजवळ शेतावर राहायला आलो. कुंपणाचं दीड एकर आहे.

---

अंकुश_जतकर | २२ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मग उत्तम. कारवानीला मुधोळ म्हणणारे भेटले तर गोंधळू नका. आमच्या भागात कारवानी म्हणतात, पलीकडे कर्नाटकात मुधोळ. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या यादीत ती कॅरावान हाउंड आहे, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या यादीत मुधोळ हाउंड. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला यांचं संशोधन केंद्र आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, वडिलांनी तो लिफाफा जपून ठेवलाय.

डॉक्टर, कातडीला धरून उचलायचं बंद केलं. परवा घरच्या पिल्लाला उचलणार होतो, हात आखडला.

---

माळरान | ३ डिसेंबर, रात्री ११.४८

तातडीचं आहे. हरणी संध्याकाळपासून बेचैन आहे, धाप लागलीय, आता पाय ताठ झालेत आणि सगळं अंग थरथरतंय. अंगाला हात लावला तर भाजल्यासारखं गरम. पिल्लं २१ दिवसांची आहेत. मामा म्हणतो थंडीने कापतेय, घोंगडी टाकू.

---

खिल्लार_डॉक्टर | ३ डिसेंबर, रात्री ११.५५

घोंगडी टाकू नका. थंडी नाही ही, रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. गाय व्याल्यावर बसते तसंच, पण कुत्रीत असं आकडीसारखं दिसतं. सकाळपर्यंत थांबू नका. पिल्लं तिच्यापासून बाजूला करा, ओल्या फडक्याने अंग पुसत गाडीत घाला आणि जवळच्या डॉक्टरांना आत्ता उठवा. कॅल्शियम शिरेतून, अगदी हळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं. घरी टोचू नका. तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी वाटेत फोनवर असेन.

---

माळरान | ४ डिसेंबर, सकाळी १०.२०

वाचली. साडेबाराला डॉक्टरांच्या दारात होतो. सुई चालू असतानाच तिचे पाय सैल पडायला लागले, अर्ध्या तासात मान उचलून मामाकडे बघितलं. मामा पार्किंगमध्ये जाऊन रडला, मी त्याला तसं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

डॉक्टर, एक विचारायचंय. गाभण असताना मामा रोज कॅल्शियमचं औषध पाजत होता. तरी असं कसं झालं?

---

खिल्लार_डॉक्टर | ४ डिसेंबर, दुपारी २.००

तरी नाही, बऱ्याचदा त्यामुळेच. बाहेरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घ्यायची शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग दूध सुरू झाल्यावर एकदम गरज वाढते आणि ती यंत्रणा वेळेवर जागी होत नाही. म्हणून गाभणपणात वरून कॅल्शियम द्यायचं नसतं. चांगलं खाणं पुरतं. हा त्रास लहान जातींच्या कुत्र्यांत जास्त दिसतो, पण नऊ पिल्लं पाजणारी कोणतीही आई त्यात सापडू शकते. मामांनी प्रेमानेच दिलं होतं, त्यांना बोल लावू नका. आता व्याल्यानंतर तुमचे डॉक्टर गोळ्या देतील त्या मात्र चुकवू नका.

एक दिवस पिल्लं पूर्ण वरच्या दुधावर ठेवा. तीन आठवड्यांची आहेत, ताटलीतून चाटायला शिकतील. पिल्लांची पावडर आणि मऊ शिजवलेला भात पातळ करून, हळूहळू बारीक केलेलं चिकन. आणि जंताचं औषध दिलं का? दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं. गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, आकडी जंत दुधातून. पोट नगाऱ्यासारखं आणि अंग रोड, असं पिल्लू 'गुटगुटीत' म्हणून विकलं जातं. ती जंतांची फुगवटी असते.

---

माळरान | १३ डिसेंबर, रात्री ९.३०

जंताचे दोन डोस झाले. एक महिना पूर्ण. पिवळी आता आठव्या क्रमांकावर आहे, निळ्याला तिने मागे टाकलं.

एक गंमतीची गोष्ट. सात पिल्लं लांब तोंडाची, पातळ कातडीची, हरणीसारखी. पण निळा आणि हिरवी यांचं तोंड आखूड, केस दाट, शेपटीचा गोल. एकाच वेतात असं कसं?

---

खिल्लार_डॉक्टर | १३ डिसेंबर, रात्री १०.१०

सांगोल्याच्या नराला लाग दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत ती कधी सुटली होती का, मामांना विचारा. कुत्रीत एकाच वेताला दोन बाप असू शकतात. बीजं काही दिवस टिकतात, नराचं बीजही पाच-सहा दिवस जिवंत राहतं. तब्येतीला त्याने काही उणेपणा येत नाही. फक्त त्या दोघांना कारवानी म्हणून कोणाला देऊ नका, खरं सांगून द्या.

---

माळरान | १४ डिसेंबर, सकाळी ८.००

सुटली होती. १२ सप्टेंबरला, मळ्यातल्या वाटेने. मामाला तारीख पाठ आहे.

---

मृण्मयी_ठाणे | १४ डिसेंबर, सकाळी ९.४०

आमच्याकडे एक्स-रेत सात दिसली होती, सातच झाली. सात वारा मोजल्या आणि झोपले. डॉक्टर, तुमचे उपकार आहेत.

---

माळरान | ४ जानेवारी, रात्री ८.००

येत्या ७ तारखेला आठ आठवडे होतात. सगळ्यांची पहिली लस २ तारखेला झाली. आता निवडायचं आहे. मामा लाल लोकरीच्या नरावर अडून बसलाय. सर्वांत मोठा, वीसनखी, ताटलीवर सगळ्यांना ढकलून खातो. मला जांभळी आवडते, पण का ते सांगता येत नाही. काय काय बघू?

---

खिल्लार_डॉक्टर | ४ जानेवारी, रात्री १०.३०

दोनदा बघा. एकदा सकाळी, खाण्याआधी, सगळी जागी आणि खेळात असताना. एकदा दुपारी, एकेकाला भावंडांपासून वेगळं काढून. झोपेतलं पिल्लू निवडू नका, सगळीच शहाणी दिसतात.

हिरड्या गुलाबी आणि ओल्या हव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लगेच परत यायला हवा. फिकट असतील तर जंत किंवा गोचीड-पिसवांनी रक्त ओढलंय. वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसतात का. डोळ्यांत चिपडं नको, नाक वाहतं नको, कानाला आंबूस वास नको. बेंबीपाशी मऊ गाठ लागते का. शेपटीखाली केस चिकटलेले असतील तर हगवण आहे किंवा नुकतीच होऊन गेली. नर असेल तर दोन्ही अंड उतरलेत का, या वयात ते हाताला लागायला हवेत. पाठीमागून टाळी वाजवा, वळतं का बघा. अंगणातून चालवा, मागचे पाय सशासारखे एकदम टाकतं का ते बघा. श्वास मोजा, झोपेत. आणि छातीला नळी लावून ठोके ऐकणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम, ते आणण्याआधी करून घ्या.

स्वभावाचं एवढंच. किल्ल्यांचा जुडगा थोड्या अंतरावर टाका. दचकणं स्वाभाविक आहे. दचकून पुन्हा हुंगायला येणारं पिल्लू घरात सहज रुळतं. तासभर कोपऱ्यात जाऊन बसणारं असेल तर त्याला अनुभवी, शांत घर लागतं. सर्वांना ढकलून खाणारं म्हणजे हुशार नव्हे. पहिल्यांदाच वाढवणाऱ्याला तेच जड जातं.

आणि वही बघा. आठ आठवडे एकदाही न अडखळता वाढत गेलेली रेघ कोणाची आहे?

---

माळरान | ६ जानेवारी, रात्री ९.४५

वही काढली. जांभळी. रोजची नोंद, एकही दिवस मागे नाही, कुठे मोठी उडीही नाही. मला ती का आवडत होती ते आता कळलं. रोज वजन करताना काट्यावर शांत बसायची ती एकटीच.

आज डॉक्टरांकडे नऊही नेली. लाल नराचं एकच अंड उतरलंय. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांपर्यंत वाट बघा, नाही उतरलं तर आत राहिलेल्यात पुढे गाठ व्हायची शक्यता असते, शस्त्रक्रिया करून काढावं लागेल आणि त्याच्यापासून पैदास करायची नाही. भूल देताना ही सडसडीत जात आहे हे आधी सांगा, काही भुलींतून ही कुत्री फार हळू बाहेर येतात, असंही बजावलं. मामा ऐकून घेत होता. लाल त्याच्याकडेच राहणार आहे, पैदाशीचा विषय त्याने स्वतःच मिटवला. पिवळीच्या बेंबीपाशी लहान गाठ आहे, ठोके स्वच्छ आहेत. तिला मामीने कोणालाच द्यायचं नाही असं ठरवलंय. निळा आणि हिरवी श्वानसखीताईंच्या ओळखीने कोल्हापूरला एका घरी, दोघं एकत्र जाणार. खरं सांगून.

अंकुशदादा, जांभळीला अठराच नखं आहेत. टाळू गुलाबी.

---

अंकुश_जतकर | ६ जानेवारी, रात्री १०.००

ताई, अठरा तर अठरा. तिला रानात पळताना बघायला मी पंढरपूरला येणार.

---

माळरान | ६ जानेवारी, रात्री १०.०४

नक्की या. डॉक्टर, शेवटचं. परवा गाडीने आणताना काय काळजी घेऊ? आमच्या आधीच्या पिल्लाला पार्व्हो झाला होता, ती घोंगडी, ताटली अजून माळ्यावर आहे.

---

खिल्लार_डॉक्टर | ६ जानेवारी, रात्री १०.२०

ती वापरू नका, जाळून टाका. पार्व्होचा विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो. तीन वर्षं झाली आणि घरही बदललं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण नव्या पिल्लाला जुनं काही द्यायचं नाही. फरशी धुवायची झाली तर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओली ठेवून मग पुसा.

निघायच्या आधी दोन तास खायला देऊ नका, उलटी होते. हरणीच्या अंगाखालचं गोणपाट किंवा फडकं सोबत घ्या, न धुता. पहिल्या काही रात्री तिला त्यावरच झोपवा, तुमच्या खाटेपाशी. मामांकडे जे खात होती तेच आठवडाभर, मग हळूहळू बदल. पुढची लस ३० जानेवारीच्या आसपास, त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी आणखी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. लसी पूर्ण होईतो गावातल्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन सगळीकडे फिरवा. ट्रॅक्टर, शाळेची मुलं, भजनाचा टाळ, सगळं तिला आत्ताच ऐकू दे, हेच तिचं शिकायचं वय आहे.

मुलीला जुना पट्टा जपून ठेवू दे. जांभळीसाठी नवा घ्या.